तारकाकांनी न दिलेलं उत्तर

तारकाका आमच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागात परिचर होते. भिंगं पुसायची, उपकरणं मांडायची, मुलं गेली की एकेक वस्तू मोजून कपाटात ठेवायची आणि कुलूप लावायचं, हे त्यांचं काम. मी तिथे शिकवायला लागले तेव्हा त्यांच्या नोकरीला एकवीस वर्षं झाली होती आणि माझ्या नोकरीला एकवीस दिवसही नव्हते झाले. पहिल्याच प्रयोगाला माझ्या टेबलावरच्या मीटरचा काटा अडकून बसला. वीस पोरं माझ्याकडे बघतायत आणि मला घाम फुटलेला. तारकाका मागून आले, नखानं डबीवर एक टिचकी मारली, काटा सुटला. जाता जाता हळूच म्हणाले, "त्याला नवीन माणूस दिसलं की तो असाच करतो, मॅडम."

शर्टाच्या खिशात तांब्याच्या बारीक तारेचं एक वेटोळं कायम असायचं, म्हणून ते तारकाका. तुटलेलं काहीही असो, आधी खिशाकडे हात जायचा. शाळा नववीत सुटलेली. पण प्रयोगशाळेतल्या प्रत्येक डब्यावर त्यांच्या हातची चिठ्ठी होती, आणि ते अक्षर आम्हा शिकवणाऱ्यांपैकी कुणाचंच नव्हतं इतकं सुरेख. प्रिझम ठेवायला त्यांनी स्वतःच्या जुन्या कोटाचं अस्तर कापून पिशव्या शिवल्या होत्या. "काच काचेला लागली की दोघींचं नुकसान," म्हणायचे.

त्यांची बायको दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला होती. तिची पाळी सहाला सुटायची, त्यामुळे मुलगी शाळा सुटली की थेट प्रयोगशाळेत यायची आणि खिडकीखालच्या स्टुलावर बसून राहायची. एकुलती एक. काहीही सांगा, तिचा पुढचा शब्द 'का?' हाच. म्हणून सगळा विभाग तिला काबाई म्हणायचा. सोडियमचा दिवा पेटायला दहा मिनिटं लागतात तर का, काळा पडदा काळाच का, लोहचुंबकाला पितळ का आवडत नाही. विभागप्रमुख तिला बघून दुसऱ्या दारानं जायचे. तारकाका मात्र हातातलं काम थांबवून उत्तर द्यायचे, आणि उत्तर येत नसेल तर सांगायचे, "विचारून ठेवतो." विचारून ठेवायचेसुद्धा. माझ्याकडे त्यांनी असे कितीतरी प्रश्न आणले. त्यातल्या निम्म्यांसाठी मला पुस्तक उघडावं लागलं.

ती मोठी होऊन आमच्याच कॉलेजात आली. तीन वर्षं मी तिला शिकवलं. शिक्षकाला ज्याची थोडी भीती वाटते, अशी विद्यार्थिनी. उद्धट नव्हती, पण तुम्ही चुकलात की तिची पेन्सिल थांबायची. फळ्याकडे पाठ असली तरी मला ते कळायचं.

आता थोडं प्रकाशाबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

प्रकाश ही लाट असते आणि तिच्यात दोन गोष्टी हलत असतात. एक विद्युत क्षेत्र आणि दुसरं चुंबकीय क्षेत्र. दोन्ही एकमेकांना काटकोनात, आणि लाट त्या दोघांनाही काटकोनात पुढे जाते. साध्या दिव्याच्या प्रकाशात ही हालचाल सगळ्या दिशांना होत असते. पोलरायझर म्हणजे एक खास पट्टी. ती त्यातली एकच दिशा पलीकडे जाऊ देते. दोन पट्ट्या एकीवर एक ठेवून एक फिरवली की उजेड कमी कमी होत अंधार होतो. मुलांना हे बघायला फार आवडतं.

प्रश्न असा की पट्टीत नेमकं काय होतं. बहुतेक जण कुंपणाचं उदाहरण देतात. कुंपणाच्या उभ्या फटीतून दोरी ओवायची आणि हलवायची. उभी हलवली तर लाट पार जाते, आडवी हलवली तर अडते. समजायला सोपं. हा धडा माझ्याकडे आल्यापासून मीही दोन वर्षं तेच शिकवत होते.

आमच्याकडे सूक्ष्मलहरींचा एक संच होता. सूक्ष्मलहरीही प्रकाशाच्याच जातीच्या, फक्त लाट लांब, तीन सेंटीमीटरची. त्यामुळे तिच्यासाठीचा पोलरायझर डोळ्यांना दिसेल एवढा मोठा करता येतो. लाकडी चौकट आणि तिच्यात एकमेकींना समांतर ताणलेल्या तारा, एवढंच. मूळची चौकट कधीतरी पडून मोडली होती आणि तारकाकांनी नवीन केली होती. ही माझ्या येण्याच्या आधीची गोष्ट. तेव्हाचे विभागप्रमुख, ज्यांना ते थोरले सर म्हणत, त्यांच्या काळातली. संच तेव्हापासून कपाटातच होता. अभ्यासक्रमात नाही, म्हणून शिकवायला कुणी काढत नसे.

काबाईच्या शेवटच्या वर्षाच्या तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. वयस्कर, पांढरा सदरा कडक इस्त्रीचा, आवाज शांत. आमच्या विभागप्रमुखांनी सकाळीच सगळ्यांना गोळा करून बजावलं होतं, "आज साहेबांच्या शब्दाला शब्द लावायचा नाही. विभागाची मान्यता त्यांच्याच समितीपुढे आहे." हे विभागप्रमुख स्वतःच्या सावलीकडूनही सही घेणारे. सकाळपासून ते परीक्षकांच्या खुर्चीमागे हात बांधून उभे होते. मी शेजारच्या टेबलावर वह्या तपासत होते. तारकाका फडकं घेऊन कपाटापाशी.

काबाईच्या हातात दोन पट्ट्या देऊन परीक्षकांनी विचारलं, "यात काय असतं?"

"रेणूंच्या लांब साखळ्या, सर. पट्टी ताणून केलेली असते, त्यामुळे सगळ्या एकाच दिशेला."

"पार काय जातं? साखळ्यांना समांतर असलेलं विद्युत क्षेत्र, की काटकोनातलं?"

"काटकोनातलं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. कुंपण, फटी, दोरी, सगळं समजावून सांगितलं. अगदी प्रेमानं. मग म्हणाले, "आता सांगा."

"दोरीचं तसंच होईल, सर. पण प्रकाश फटीतून जात नाही. साखळीच्या दिशेनं विद्युत क्षेत्र आलं की तिच्यातल्या इलेक्ट्रॉनना त्या दिशेनं पळायला जागा मिळते. ते त्या लाटेची ताकद खाऊन टाकतात. आडव्या दिशेला पळायला जागाच नाही, म्हणून ते सुटतं."

"बरं. आणि चुंबकीय क्षेत्राचं काय होतं?"

"जे विद्युत क्षेत्र अडलं, त्याच्या जोडीचं चुंबकीय क्षेत्रही त्याच्याबरोबर संपतं. जे पार जातं त्यातही दोन्ही असतात. विद्युत साखळ्यांना काटकोनात आणि चुंबकीय साखळ्यांच्या दिशेत."

"चुंबकीय क्षेत्राला पोलरायझर हातही लावत नाही," परीक्षक म्हणाले. "ते जसंच्या तसं पार होतं."

तिनं हातातल्या पट्ट्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "तसं असेल तर पलीकडे नुसतं चुंबकीय क्षेत्र उरेल, सर. नुसत्या चुंबकीय क्षेत्राचा प्रकाश होत नाही."

विभागप्रमुखांनी घसा खाकरला. माझं डोकं वहीत होतं, पण एक अक्षर वाचत नव्हते. खरं सांगते, मला उत्तर माहीत नव्हतं. ती बोलत होती ते पटत होतं, पण मी स्वतः दोन वर्षं कुंपणच शिकवत आले होते.

"सर, कपाटात तारांची जाळी आहे," ती म्हणाली. "पाच मिनिटांत लावून दाखवते. किल्ली..."

"परीक्षा मी घेतोय की तुम्ही?" आवाज अजूनही शांतच. "हे तुम्हाला शिकवलं कुणी?"

"बाबांनी."

"कोण बाबा?"

तिनं हात केला. परीक्षकांनी खुर्ची वळवली. फडकं हातात घेतलेला, खाकी कपड्यातला माणूस त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिला. हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं, निदान राग तरी आला असता.

"काय हो, तुम्ही शिकवलंत? तारा उभ्या लावल्या तर काय होतं?"

किल्ल्यांचा जुडगा तारकाकांच्या कमरेला होता. कपाट हाताच्या अंतरावर. त्यांनी विभागप्रमुखांकडे पाहिलं. विभागप्रमुखांनी नुसते डोळे मोठे केले. मग त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती.

"मला काय कळतंय त्यातलं, साहेब," तारकाका म्हणाले. "मी पुसापुशीचं काम करतो. पोर आहे. काहीतरी बोलून गेली."

परीक्षकांनी मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं. काबाईनं दोन्ही पट्ट्या नीट त्यांच्या पाकिटात घातल्या, पाकीट टेबलावर ठेवलं आणि बाहेर गेली. दार तिनं आवाज न करता लावलं.

संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला मी पर्स विसरले म्हणून परत वर गेले. प्रयोगशाळेत तारकाका एकटेच होते. त्यांनी तो संच मांडला होता. एका टोकाला लाट सोडणारा कर्णा, दुसऱ्या टोकाला मीटर, मध्ये चौकट. खुर्चीत बसून ते मीटरकडे बघत होते.

"या मॅडम," म्हणाले. "हा कर्णा उभं विद्युत क्षेत्र सोडतो. आता बघा, तारा उभ्या."

काटा शून्यावर होता. कुंपणाच्या हिशेबानं तो पूर्ण वर जायला हवा होता. त्यांनी चौकट आडवी केली, काटा वर गेला. परत उभी, परत शून्य.

"ही जाळी केली तेव्हा मलाही वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. तीन दिवस तारा काढल्या आणि परत ओढल्या. चौथ्या दिवशी थोरले सर म्हणाले, अहो, तुमचं नाही, कुंपणाचं चुकलंय. तारेच्या लांबीत पळायला रस्ता आहे, तारेच्या जाडीत कुठे पळणार?"

मी विचारलं, "आणि चुंबकीय? तेही थांबतं हे कशावरून?"

त्यांनी ड्रॉवरमधून एक काडी काढली. तिच्या टोकाला तारेचा हरभऱ्याएवढा वेढा होता. "सरांनी करून घेतला होता. आपल्या नेहमीच्या मीटरला विद्युत कळतं, या वेढ्याला चुंबकाचं जास्त कळतं." त्यांनी तो जोडला. चौकट फिरवली. एक संपत होतं तिथेच दुसरंही संपत होतं. मग त्यांनी चौकट तिरकी धरली, तारा उभ्याही नाहीत आणि आडव्याही नाहीत. "इथे दोन्ही सारखीच कमी होतात. एकाला जास्त, एकाला कमी असं कधी होत नाही. आणि जाळीतून गेल्यावर लाट जाळीच्या तिरकेपणानं चालते, आधीची दिशा विसरते. पोर सहावीत असताना तिला दाखवलं होतं. तिनं दिवसभर फिरवून बघितलं."

दोन वर्षं ज्यांना कुंपण शिकवलं त्या पोरांचा हिशेब माझ्या डोक्यात चालू झाला होता.

"साहेब चिडले तर पोरीचं नुकसान होईल असं वाटलं मला," ते म्हणाले. "म्हटलं, मी मध्ये पडलो तर अजून बिघडेल. आपण गप्प बसावं, वादळ जाईल."

"बरोबर आहे, काका."

"नाही, मॅडम. गप्प बसलो असतो तर बरोबर होतं. मी बोललो."

पुढचं मला त्यांच्या बायकोनं सांगितलं, कितीतरी वर्षांनी. मुलगी त्या दिवशी घरी आली आणि काही न बोलता इस्त्री घेऊन बसली. घरातले सगळे कपडे तिनं इस्त्री केले. टॉवेल, पायपुसणं, काही सोडलं नाही. बाप आला तशी उठली आणि त्यांना पाणी दिलं. तेवढंच. बायकोला मुलीच्या मैत्रिणीकडून सगळं कळलं तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, मलाही मुकादम रोज बोलतो. मीही ऐकून घेते. पण पोरीचं खरं असताना तिला खोटं पाडलं नाही मी कधी." आणि मग तीही चार दिवस बोलली नाही. दोन खोल्यांचं घर. तीन माणसं, आणि सगळीकडे फक्त पंख्याचा आवाज.

मी विद्यापीठाला पत्र लिहिलं. पुस्तकांचे दाखले दिले, मोजमापं दिली. तीन ओळींचं उत्तर आलं, की तोंडी परीक्षेच्या गुणांची फेरतपासणी होत नाही. विभागप्रमुखांनी मला बोलावून विचारलं, "तुम्हाला या कॉलेजात राहायचंय ना?" मी राहिले. माझं शौर्य एवढंच.

काबाईला तोंडीला वीसपैकी सात मिळाले. पुढच्या शिक्षणाचा प्रवेश दोन गुणांनी हुकला. मी म्हटलं, पुढच्या वर्षी परत प्रयत्न कर, दुसरीकडे अर्ज भर, मी शिफारस देते. ती शांतपणे "बघते" म्हणाली. आधीची काबाई "का?" म्हणाली असती. महिन्याभरात तिनं दुसऱ्या शहरातल्या एका कुरिअर कंपनीत नोकरी धरली. पाकिटांवरचे पत्ते तपासून ती वेगवेगळ्या पोत्यांत टाकायची. तारकाका तिला सोडायला बसस्टँडवर गेले होते. तिनं खिडकीतून हात हलवला, आईसाठी. "तिच्या आईच्या शेजारीच उभा होतो मी," ते मला म्हणाले. "त्यामुळे थोडा मलाही मिळाला असणार."

वर्षं गेली. ती दर रविवारी फोन करायची, आईशी बोलायची. बाबांनी गोळ्या घेतल्या का, बाबांचा चष्मा बदलला का, सगळं विचारायची. फोन त्यांच्याकडे दे, असं म्हणायची नाही. तारकाका शेजारच्या खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसायचे. बायकोनं सांगितलेलं आठवतं मला, "पान उलटायचे नाहीत हो. अर्धा तास एकच पान."

प्रयोगशाळेत ते पूर्वीसारखेच काम करत. फक्त मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देणं त्यांनी बंद केलं. कुणी काही विचारलं की म्हणायचे, "मॅडमना विचारा. मी पुसापुशीवाला."

पुढे विभागप्रमुख निवृत्त झाले आणि ती खुर्ची माझ्याकडे आली. त्याच वर्षी एक दिवस तारकाका माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. त्यांचीही निवृत्ती दोन महिन्यांवर आली होती.

"मॅडम, तो संच दोन दिवस बाहेर न्यायला मिळेल का?"

"कशाला?"

"त्या परीक्षकसाहेबांचा पत्ता मिळालाय."

मी सही केली आणि म्हटलं, "मीही येते." बसमध्ये कर्णा माझ्या मांडीवर, मीटर त्यांच्या मांडीवर. चौकट वरच्या फळीवर ठेवायला त्यांनी साफ नकार दिला, ती त्यांनी साडेतीन तास उभी धरून ठेवली.

परीक्षक आता एकटेच राहत होते. घर स्वच्छ, पडदे ओढलेले, टेबलावर औषधांच्या बाटल्या ओळीनं. त्यांना आम्ही आठवत नव्हतो. ती परीक्षा आठवत नव्हती. ज्या गोष्टीनं एका घराचं बोलणं बंद झालं, ती त्यांच्या लेखी एका सकाळची वीस मिनिटं होती. पण माणूस सभ्य. त्यांनी आम्हाला बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं. तारकाकांनी जेवणाच्या टेबलावर संच मांडला. जोडणी एकदाही चुकली नाही.

"तारा उभ्या लावल्या तर काय होतं, असं विचारलं होतं तुम्ही साहेब," ते म्हणाले. "हे असं होतं."

परीक्षकांनी काटा पाहिला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यांनी स्वतः चौकट हातात घेतली. उभी, आडवी, उभी. वेढ्याची काडी जोडून परत. दहा-बारा वेळा तरी. शेवटी चौकट हलकेच खाली ठेवली.

"चाळीस वर्षं मी कुंपण शिकवलं," ते म्हणाले. "एकानंही मला अडवलं नाही."

"एकीनं अडवलं होतं, साहेब."

त्यांनी कागद मागून घेतला आणि स्वतःच्या हातानं लिहून दिलं, की अमुक साली अमुक विद्यार्थिनीनं दिलेलं उत्तर पूर्ण बरोबर होतं, चूक माझी होती. खाली सही. निघताना दारात त्यांनी तारकाकांना विचारलं, "तुम्हाला त्या दिवशी हे माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

तारकाका चपला घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

परतीच्या बसमध्ये ते खुशीत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पाकिटात आणि पाकीट शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं होतं. दर थांब्यावर हात लावून बघत होते. मुलगी पुढच्या आठवड्यात सुट्टीला येणार होती.

तो आठवडा गेला. सोमवारी ते कामावर आले आणि भिंगं पुसायला बसले. मी विचारलं नाही. अकराच्या सुमाराला ते आपणहून बोलले, भिंगाकडे बघतच.

"दिला कागद तिला. वाचला तिनं. नीट घडी घालून माझ्या हातात परत दिला."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बाबा, माझं उत्तर बरोबर आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. त्यासाठी मला त्यांचा कागद नको. मी त्या दिवशी त्यांच्याकडे बघतच नव्हते. तुमच्याकडे बघत होते."

त्यांनी ते भिंग बाजूला ठेवलं आणि दुसरं घेतलं. "रागावली नव्हती. चढ्या आवाजात बोलली असती तर मी काहीतरी म्हटलं असतं. मी म्हटलं, पोरी, चुकलं माझं. ती म्हणाली, हो. आणि मग मला विचारलं, गुडघा कसा आहे."

निवृत्तीनंतर ते सहा वर्षं जगले. मी अधूनमधून जायची. मुलगी वर्षातून दोनदा यायची, त्यांना डॉक्टरांकडे न्यायची, जिन्याला तिनं कठडा बसवून घेतला. शेवटच्या वर्षात फोनवर त्यांच्याशीही बोलायला लागली होती. गोळ्या, झोप, थंडी. त्यांना तेवढंही पुष्कळ होतं. फोन ठेवल्यावर बायकोला पहिल्यापासून सगळं सांगायचे, ती शेजारीच बसून ऐकत असली तरी.

फेब्रुवारीत एका दुपारी ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले. मुलगी संध्याकाळच्या गाडीनं आली. आठवड्यानं मी भेटायला गेले तेव्हा ती त्यांचं कपाट आवरत होती. आई आतल्या खोलीत पडली होती. मी एका खुर्चीवर बसले. ती सदऱ्यांच्या घड्या करत होती, बाही आत, कॉलर वर, दुकानात करतात तशा.

"मॅडम," ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्हीही तिथे होतात ना?"

"होते."

"शेजारच्या टेबलावर."

"हो. मला उत्तर माहीत नव्हतं गं. तू बरोबर आहेस हे मला संध्याकाळी कळलं."

तिनं मान हलवली. तिनं माझं खरं मानलं, हे मला दिसलं. अजून दोन सदरे झाले. मग तिनं हात थांबवले.

"माहीत असतं तर बोलला असतात?"

हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे आणि दर वेळी उत्तर हो असं दिलं आहे. पण ती समोर बसून माझ्याकडे बघत होती, आणि तिला हो म्हणायला माझी जीभ उचलली नाही. विभागप्रमुख आठवले, मान्यता आठवली, विद्यापीठाचं ते तीन ओळींचं उत्तर आठवलं आणि त्यानंतरची माझी चांगली चाललेली नोकरी आठवली.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"बाबांनाही नसेल माहीत," ती म्हणाली. "बोलेपर्यंत." मग खाली वाकून तिनं पुढचा सदरा उचलला आणि थोड्या वेळानं डोळे पुसायला तोच वापरला.